डिझेलची डोणी

वहीद माझा थोरला भाऊ, आणि थोरल्या भावाला आम्ही बेबे म्हणतो. त्याची डोणी आमच्या बेटावर डिझेल आणायची आणि त्या डिझेलवर इंजिनघर चालायचं. इंजिनघर म्हणजे नुसते दिवे-पंखे नव्हेत. मासळीचा बर्फ, फोनचा मनोरा, खारं पाणी गोडं करायचं यंत्र, सगळं त्याच्याच जिवावर. माझा नवरा जौफर त्याच डोणीवर इंजिन सांभाळायचा. एका घरातले दोन पुरुष एका बोटीत धाडू नयेत, असं आमची आई म्हणायची. पण बेटावर दुसरी एवढी मोठी बोट होती कुठे?

आमची बेटं बांगडीसारख्या गोल कड्यात आहेत. त्या कड्याच्या उत्तरेला उघडा समुद्र आहे, त्याला आम्ही मोठा कंडू म्हणतो. पलीकडच्या कड्यातल्या बंदरात तेलाची जहाजं लागतात. पूर्वेचा वारा असतो तेव्हा कंडू ताटातल्या पाण्यासारखा निवांत असतो. पश्चिमेचा वारा सुरू झाला की लाटा दोन बाजूंनी येतात, आणि मधून काठोकाठ पिंपांनी भरलेली डोणी आणायची. एक पिंप सुटलं की ते दुसऱ्याला धडकतं, आणि मग माणसाने कुठे उभं राहायचं? मागच्या पावसाळ्यात शेजारच्या बेटाची डोणी अशीच गेली. सापडला तो एक रबरी चपलेचा जोड आणि पाण्यावर पसरलेला रंगीत तवंग.

हलीमथवहिनी, म्हणजे वहीदबेबेची बायको, घाबरट बाई नव्हती. मोठी लाट आली होती त्या वर्षी तिने दोन लेकरं काखेत घेऊन नारळाच्या झाडाला मिठी मारली होती आणि पाणी ओसरल्यावर आधी चूल पेटवली होती. पण शेजारच्या बेटाची डोणी गेली तेव्हापासून तिच्यात काहीतरी बिघडलं. बेबे कंडूत निघाला की तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. सगळ्या बाया किनाऱ्याकडे तोंड करून बसायच्या, ही पाठ करून खोबरं किसत राहायची.

"अगं, इकडे बस, वारा येतोय," मी म्हणायची.

"नको. मी त्याच्याकडे बघितलं की तो माझ्याकडे बघतो."

तो म्हणजे समुद्र. मी हसायची. पण मलाही रात्री जौफरच्या अंगाला डिझेलचा वास आला की आधी बरं वाटायचं आणि मग मी उठून वारा कुठला आहे ते बघायची, कारण वास आला म्हणजे माणूस घरी आलाय, आणि वास आहे म्हणजे तो परत जाणार आहे.

त्या वर्षी राजधानीहून, मालेहून, इल्यास नावाचा एक तरुण इंजिनियर आला. शाळेच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं. आमच्या बेटाच्या कौन्सिलचा अध्यक्ष शुजाऊ पुढे बसला होता, पान चघळत. इल्यासने सांगितलं, की शाळेच्या, दवाखान्याच्या आणि मासळीच्या शेडच्या छपरांवर सोलरच्या पाट्या बसवायच्या. दिवसभर ऊन, वर्षातून बरेच महिने. डिझेल जाळायचं कारणच काय? पैसे सात-आठ वर्षांत सुटतील, पुढची वर्षं जवळजवळ फुकट.

बेबे उठला. तो उठला की लोक गप्प बसायचे, कारण तो बोलतो छान आणि क्वचित.

"साहेब, सात वर्षं म्हणालात ना? माझ्या दारातली पत्र्याची बादली खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळे काढत नाही. तुमची पाटी काय मक्केहून आणलीय?"

लोक हसले. इल्यासही हसला, बिचारा. म्हणाला, "चौकटी चांगल्या घेऊ. धुवायला माणूस ठेवू."

"बरं. आणि पश्चिमेच्या वाऱ्यात आठवडा-आठवडा ऊन पडत नाही तेव्हा? लोकांनी पाणी प्यायचं की ढगांकडे बघून दुवा मागायची?"

"त्यासाठी बॅटऱ्या."

"त्यांचं किती?"

इल्यासने मान खाली घातली आणि आकडा सांगितला. पाट्यांपेक्षा जास्त होता. सभागृहात कुजबुज झाली.

"म्हणजे सूर्य फुकट," बेबे म्हणाला, "आणि त्याला ठेवायची पेटी सोन्याची."

आता तर लोक बाकांवर थापा मारून हसले. शुजाऊने पान गालात सरकवलं आणि म्हणाला, "शिवाय डिझेलला सरकार अर्धे पैसे देतंय. स्वस्त पडतंय ते टाकून महाग कशाला घ्यायचं?"

इल्यास काहीतरी सांगत होता, की सरकारचे पैसे म्हणजेही आपलेच, ते कायम मिळणार नाहीत, जगात तेल चढलं की काय कराल. पण ऐकत कोण होतं. तेवढ्यात बायकांच्या बाजूने हलीमथवहिनी उभी राहिली. मी तिचा पदर ओढला तो तिने सोडवून घेतला.

"इंजिनियरसाहेब, तुम्ही डिझेलचा भाव सांगितलात. त्यात इथवर आणायचा खर्च धरलाय का?"

"धरलाय ना ताई. बोटीचं भाडं, मजुरी, सगळं."

"आणि आणणारा बुडाला तर तो खर्च कुठे धरलाय?"

बेबेचं तोंड आधी पांढरं पडलं, मग लाल झालं.

"हलीमथ, खाली बस," तो हळूच म्हणाला.

"बसते. मला एवढंच विचारायचं होतं."

पाठीमागून एक म्हातारी म्हणाली, "असं तोंडातून काढू नये गं बाई. समुद्राला कान असतात."

सोलरचं त्या दिवशी पुढे ढकललं. शुजाऊ म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. इल्यास संध्याकाळच्या बोटीने परत गेला.

घरी काय झालं ते मी भिंतीपलीकडून ऐकलं, आमची घरं जोडूनच आहेत.

"माझ्या अन्नात माती कालवायला तुला गावची सभाच मिळाली? डोणी बंद झाली तर खाशील काय?"

"मासे खाऊ. रोशी-भाकरी खाऊ. आधी काय खात होतो?"

"लोक काय म्हणतील? वहीदची बायको त्याला बुडालेला धरून चाललीय."

"मी घाबरलेय, वहीद. एवढंही म्हणायचं नाही का?"

"नाही. तांडेलाच्या बायकोने नाही म्हणायचं."

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. वहिनी ताट वाढायची, तो जेवायचा, आणि दोघं वेगवेगळ्या भिंतींकडे बघायची.

पश्चिमेचा वारा त्या साली लवकर आला आणि थांबेचना. डोणी दोनदा निघून परत फिरली. इंजिनघराच्या टाकीतलं तेल खाली खाली जात होतं. आधी दुपारची वीज बंद केली. मग बर्फ बंद झाला आणि लोकांनी टाकून देण्यापेक्षा म्हणून मासे सुकवायला घातले, पण ऊन नाही, पाऊस. बेटभर कुजका वास सुटला. शुजाऊ रोज बेबेच्या अंगणातल्या दोरीच्या खुर्चीत येऊन बसायचा.

"वहीदबेबे, ईद आली. पाण्याचं यंत्र थांबलं तर लोक मला खातील."

"वारा बघतोयस ना?"

"बघतोय. पण सभेत सोलर नको म्हणून तूच बोललास ना?"

हे ऐकून बेबे उठला आणि जौफरला हाक मारली. जौफर माझ्या हातचा चहा अर्धा सोडून गेला. बेबे निघताना वहिनी दारात उभी होती. तो तिच्याजवळ थांबला, काहीतरी बोलेल असं वाटलं, पण त्याने खुंटीवरचा रेनकोट घेतला आणि तो निघाला. तिनेही हाक मारली नाही.

ते पलीकडे पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी जौफरचा फोन आला. "भरलंय. निघतोय. समुद्र जरा बरा वाटतोय." त्याच्या मागे बेबेचा आवाज होता, कुणाला तरी दोर ओढायला सांगत होता. वहिनीने कान माझ्या कानाला लावला होता. तिने तो आवाज ऐकला आणि डोळे मिटले.

दुपारपर्यंत यायला हवे होते. आले नाहीत. दुपार कलली, असरच्या नमाजाची बांग झाली. पश्चिमेला आभाळ शाईसारखं झालं होतं आणि खडकावर लाटा फुटत होत्या त्यांचा आवाज जमिनीतून पायांना कळत होता. आम्ही धक्क्यावर उभ्या होतो. पहिल्यांदाच हलीमथवहिनी समुद्राकडे तोंड करून उभी होती.

आणि तेव्हा इंजिनघर थांबलं.

आमच्या बेटावर जन्मलेल्या माणसाला तो आवाज वेगळा ऐकू येत नाही, इतका तो रोजचा. तो थांबला तेव्हा मला आधी वाटलं माझे कान गेले. मग समुद्र एकदम जवळ आला, घराघरांत शिरल्यासारखा. कुणाचं तरी मूल रडायला लागलं. फोन हातात होता, त्याच्यावरच्या काड्या एक-एक करत नाहीशा झाल्या. मनोऱ्याला वीज नाही, मग फोन कसला? आता ते जिवंत असोत की नसोत, आम्हाला कळायची वाटच बंद झाली.

ती रात्र मी सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही.

सकाळी पाण्याच्या यंत्राजवळ रांग लागली आणि यंत्र बंद होतं. लोक पावसाचं पाणी पातेल्यांत धरत होते. वहिनी आणि मी रांगेजवळून गेलो तशा बायका बाजूला झाल्या. वाट द्यायला नव्हे. मागून ऐकू आलं, "हिनेच तोंडातून काढलं ना." वहिनीचं पाऊल चुकलं, पण ती थांबली नाही. पुढे गेल्यावर मला म्हणाली, "त्या म्हणतात तसं असेल का गं?"

"काहीतरीच."

"माझ्याच तोंडाने मी..."

"वहिनी, वारा तुझ्या तोंडातून आला का? चल."

पण माझ्याही मनात ते येऊन गेलं होतं. भीती वाटत असली की माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

शुजाऊ कौन्सिलच्या ओट्यावर डोकं धरून बसला होता. वायरलेसची बॅटरी चालू होती, तेवढीच. गस्तीची बोट दूर दक्षिणेला दुसऱ्या अपघाताकडे गेली होती, यायला वेळ लागेल असं कळलं होतं.

"आपल्याच बोटी पाठव," वहिनी म्हणाली.

"कुणाच्या टाकीत तेल आहे? सगळे वहीदचीच वाट बघत होते."

"थोडं थोडं सगळ्यांच्याच टाकीत असेल."

"ते थोडं कोण देणार? वारा पडला की मासेमारीला लागेल त्यांना."

वहिनीने वाद घातला नाही. तिने ओट्याखालचा रिकामा कॅन उचलला आणि पहिल्या घरी गेली. मीही एक उचलला. दारोदार आम्ही डिझेल मागितलं, जसं कुणी मीठ मागतं. त्याच बाया, ज्या रांगेत बाजूला झाल्या होत्या. काहींनी दार लावून घेतलं. पण बहुतेकांनी आपल्या नवऱ्यांना उठवलं, बोटीच्या टाकीत नळी घालायला लावली, तोंडाने ओढून काढलं. एकाने लग्नाच्या मंडपासाठी ठेवलेल्या जनरेटरचं तेल दिलं. सभेत जी म्हातारी बोलली होती तिने कंदिलाचं रॉकेल आणून ठेवलं. ते इंजिनात चालणार नव्हतं, पण वहिनीने ते घेतलं आणि तिचे दोन्ही हात हातात धरले.

हुसेनदीदी, दीदी हे त्याचं आडनाव, हा म्हातारा कोळी आपली छोटी बोट घेऊन यायला तयार झाला. "माणसं दोन पुरतील," तो म्हणाला.

"मी येते," वहिनी म्हणाली.

"बाईमाणूस? वांत्या करशील नुसत्या."

"करीन. बोट मी घाण केली तर मीच धुईन."

मी कुणाला विचारलंच नाही. बसले.

कंडूत त्या दिवशी जे बघितलं ते मला अजून दिवसाढवळ्या दिसतं. लाट येते म्हणतात, पण तिथे लाट येत नव्हती, पाण्याची टेकडी उठायची आणि आपण तिच्या पोटात असायचो. वहिनी बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेजवळ, दोर धरून बसली होती, ओठ हलत होते. वांती तिने एकदाच केली. मी किती केल्या ते मोजलं नाही. हुसेनदीदी सुकाणूवर वाकून आभाळाकडे बघायचा आणि कधीकधी हुंगायचा.

मग एकदा तो म्हणाला, "वास येतोय."

मलाही आला. डिझेल. घरी जो वास आला की बरं वाटायचं, तोच. पाण्यावर तवंग होता, आणि त्यात पांढऱ्या पोटाचे मासे तरंगत होते. वहिनीने माझा हात पकडला. तिची नखं माझ्या मनगटात रुतली, आणि मी तशीच राहू दिली.

तवंगाच्या मागे मागे आम्ही एका ओसाड बेटाच्या खडकाकडे गेलो. डोणी तिथे होती. खडकावर तिरकी बसलेली, एक बाजू पाण्यात, आणि प्रत्येक लाटेला करकर करत थोडी सरकत होती. जौफर वाळूवर पडला होता, एका पायावर कापड गुंडाळलेलं, तोंड राखेसारखं. मी उडी मारली ती पाण्यात कंबरेपर्यंत, पोवळ्याने पाय फाटले ते नंतर कळलं.

"पिंप सुटलं," जौफर म्हणाला. "पायावर. तू इथे कशी?"

"गप्प बस. बेबे कुठे आहे?"

त्याने डोणीकडे मान केली. "उतरत नाही. सकाळपासून सांगतोय."

बेबे डोणीत उभा होता. उरलेली पिंपं त्याने दोरांनी बांधली होती आणि एक दोर स्वतःच्या कंबरेला. भरती चढत होती. हुसेनदीदी ओरडला, "वहीद, सोड ते. पाणी चढलं की ती खडकावरून घसरेल आणि पिंपांसकट तळाला जाईल."

"उरलीसुरली तरी पोचवतो," बेबे म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "बेटावर काय चाललंय मला माहीत आहे. यंत्र थांबलं असेल."

"थांबलंय," वहिनी म्हणाली. ती बोटीच्या काठावर उभी होती, दोन बोटींमध्ये हात-दीड हाताचं पाणी उसळत होतं. "लोक पावसाचं पाणी पितायत. मरत कुणी नाही."

"तू कशाला आलीस?"

"तू उतरत नाहीस म्हणून."

"हलीमथ, मी मोकळ्या हातांनी परत गेलो तर काय सांगू? सभेत मीच..."

"काही सांगू नकोस. उतर."

एक लाट आली आणि डोणी हलली, पिंपं एकमेकांवर आदळली, आणि कुठेतरी लाकूड फुटल्याचा आवाज झाला. बेबे गुडघ्यावर पडला. तो उठला नाही. तसाच बसून बोलला, आणि तो इतका हळू बोलत होता की मला वाऱ्यात अर्धंच ऐकू आलं, बाकीचं वहिनीने नंतर सांगितलं.

"मला दर खेपेला भीती वाटते," तो म्हणाला. "पहिल्या खेपेपासून. कंडूच्या मधोमध गेलं की हातपाय गार पडतात. तू सभेत बोललीस ना, ते माझ्याच पोटातलं होतं. म्हणून मला राग आला. तांडेल घाबरतो हे कळलं तर कोण बसेल माझ्या बोटीत?"

वहिनी म्हणाली, "मी बसले आहे ना. तुझ्या नाही, पण तुझ्यासाठी बसले आहे. आणि मी सगळ्या वाटेत रडत होते. उतर आता, पाणी चढतंय."

तिने हात पुढे केला. त्याने कंबरेचा दोर सोडायला बघितलं, पण भिजून गाठ घट्ट झाली होती. हुसेनदीदीने सुरी फेकली. बेबेने दोर कापला आणि उडी मारली. पाय निसटला, आणि एका क्षणाला दोन बोटींमधल्या पाण्यात त्याचं नुसतं डोकं दिसत होतं. डोणी त्याच्याकडे कलत होती. वहिनीने त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली, मी एव्हाना बोटीत परत चढले होते, मी मागून तिची कंबर धरली, आणि हुसेनदीदीने इंजिन मागे घेतलं. तो आमच्या बोटीत आला तेव्हा खोकत होता आणि त्याच्या तोंडातून पाणी नव्हे, डिझेल येत होतं.

आम्ही जौफरला चढवत होतो तेव्हाच डोणी घसरली. आवाज फार झाला नाही. काही पिंपं वर आली, फिरली, आणि दूर गेली. बेबेने तिकडे बघितलं नाही.

परत येताना वारा थोडा पडला होता. बेबे सगळा वेळ वहिनीच्या खांद्याला डोकं लावून बसला होता, सगळ्यांच्या देखत. हुसेनदीदी मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

जौफरचा पाय वाचला, पण सरळ झाला नाही. तो आज काठी घेऊन चालतो आणि बोटीत पाय ठेवत नाही. त्या आठवड्यात दुसऱ्या बेटाच्या मोठ्या जहाजाने डिझेल आलं आणि यंत्र सुरू झालं. लोकांनी बेबेला काही म्हटलं नाही. आडून काही जण म्हणाले, की वहीदने डोणी घालवली. समोर कुणी म्हणालं नाही.

पुढच्या वर्षी इल्यास परत आला. या वेळी बेबे सगळ्यांत आधी उठला.

"मागच्या खेपेला मी जे बोललो त्यातलं खाऱ्या वाऱ्याचं खरं आहे. बॅटऱ्या महाग आहेत हेही खरं. पण मी एक लपवलं होतं. मला त्या समुद्राची भीती वाटते. तुम्ही जो डिझेलचा भाव धरता तो माझी भीती त्यात धरलेली नाही म्हणून स्वस्त आहे."

आधीच्या वेळेसारखं कुणी हसलं नाही. शुजाऊ म्हणाला, "मग घेऊ या. पण सगळं नाही झेपणार."

आणि तसंच झालं. छपरांवर पाट्या आल्या, पण बॅटऱ्या जेवढ्या हव्या तेवढ्या आल्या नाहीत. उन्हाच्या दिवसांत इंजिन बंद असतं, दवाखान्यात आणि पाण्याच्या यंत्राला सूर्यच पुरतो, बर्फही होतो. मासळी घेणारे व्यापारी आता आमच्याकडे आधी येतात. सरकारने डिझेलची मदत कमी केली तेव्हा आजूबाजूच्या बेटांवर रडारड झाली, आमच्याकडे तेवढी झाली नाही. पण पाट्यांचे नट खरंच गंजतात. बेबे ते बदलतो आणि पाट्या गोड्या पाण्याने धुतो, त्याचा पगार आधीच्या कमाईच्या निम्माही नाही. घरात ओढाताण होते. वहिनी मासळी-खोबऱ्याची मासहुनी करून धक्क्यावर विकते.

पश्चिमेच्या वाऱ्यात मात्र ढग बसून राहिले की इंजिन लागतंच. म्हणून डिझेल अजूनही येतं. कमी येतं, पण येतं, आणि येतं ते नेमकं त्याच महिन्यांत. आता ते शिफाऊ आणतो, पोरसवदा तांडेल, हुसेनदीदीचा पुतण्या. त्याची बायको रशिदा, गेल्या ईदला लग्न होऊन आलेली.

काल सकाळी तो कंडूत गेला. आभाळ सगळं राखाडी होतं. मी आणि वहिनी मागच्या अंगणात खोबरं किसत होतो, तर रशिदा आली आणि दारात उभी राहिली. पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

"ये ना," वहिनी म्हणाली. "बस."

ती बसली नाही. "हलीमथताई, तुम्ही कसं करत होतात? म्हणजे ते गेले की... दिवस कसा काढायचा?"

"मी काढू शकत नव्हते गं."

रशिदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला तर सकाळपासून पाणीही जात नाही. सासूबाई म्हणतात, असं बोलू नये, अपशकुन होतो."

वहिनीने किसणी बाजूला ठेवली, हात पुसले आणि तिला ओढून शेजारी बसवलं.

"परवा कौन्सिलची सभा आहे," ती म्हणाली. "उरलेल्या बॅटऱ्यांसाठी. शुजाऊ पुन्हा म्हणणार, पुढच्या वर्षी बघू. तू ये."

"मी तिथे काय बोलू?"

"आत्ता मला जे म्हणालीस ते."

वारा वाढत होता, नारळाच्या झावळ्या एकमेकींवर आपटत होत्या. मी आत जाऊन चहा टाकला. तीन पेले भरले, आणि आम्ही तिघी तोंडं किनाऱ्याकडे करून बसलो.